बुरुजाचा मान

उंबरकोटाचा खाडीकडचा बुरूज तीन वेळा पडला, ही गोष्ट जगन गायकवाडांना कळत्या वयापासून तोंडपाठ होती. पण कल्याणच्या शाळेत उभी हयात इतिहास शिकवूनही त्यांनी ती वर्गात कधी सांगितली नाही. पुस्तकात नाही म्हणून सांगत नाही, असं ते म्हणत. खरं तर ती त्यांच्या घरची गोष्ट होती, आणि घरची गोष्ट फळ्यावर लिहायची त्यांची तयारी नव्हती.

उंबरकोट वसवलं पदाजी नाईकाने. गाव त्याला राजा म्हणतं. मुळात तो खाडीतून जाणाऱ्या मिठाच्या होड्या अडवून वसुली करणारा माणूस. वसुली बरी होऊ लागली की माणसाला आपण राजे आहोत असं वाटायला लागतं, आणि राजा म्हटला की कोट हवाच. मग पदाजीने वळणावरची टेकडी धरली, भोवती तट घातला, तेली आणले, कासार आणले, मिठागरात राबणाऱ्यांना दोन आळ्या तोडून दिल्या. वेशीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, मास्तरांच्या पूर्वजांची घरं. सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त खाडीकडचा बुरूज काही उभा राहीना. पावसाळा आला की बसायचा. भरतीच्या गाळावर दगड रचले तर दुसरं काय होणार? पण राजाला ‘पाया खोल घ्या’ म्हणणारा एकही निघाला नाही. देवीला माणूस हवाय म्हणणारे मात्र लगेच निघाले.

माणूस कुठला, हे विचारायची गरज नव्हती. वेशीवर राखण करणारा येसनाक. त्याला पायाच्या खड्ड्यात उभा केला आणि नाईकाने वरून तीनदा विचारलं, “राजी का?” येसनाक तीनदा म्हणाला, “राजी.” मग दगड रचले. त्यानंतर बुरूज कधी ढळला नाही, असं गाव छातीठोक सांगतं. फिरंग्यांच्या तोफांनी तो अर्धा उडवला आणि इंग्रजांच्या ठेकेदाराने उरल्यातले दगड पुलासाठी नेले, एवढं सांगायचं तेवढं गाव विसरतं.

पुढे त्याचा मान झाला. दर चैत्री पौर्णिमेला येसनाकाच्या घरचा कर्ता पुरुष डोक्यावर नारळ घेऊन बुरुजाच्या पायथ्याशी अनवाणी उभा राही. पाटील तीनदा विचारी, “राजी का?” हा तीनदा म्हणे, “राजी.” बदल्यात एक लुगडं आणि जत्रेच्या जेवणाचं पहिलं पान, तेही पंगतीपासून लांब वाढलेलं. मास्तरांचे आजोबा सीताराम हे तिथे उभे राहिलेले शेवटचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पुढच्या चैत्रात बुरुजाकडे फिरकले नाहीत. निरोपावर निरोप आले तेव्हा त्यांनी पाटलाला कळवलं, “आमच्या माणसाला विचारायचं तर आधी खड्ड्याबाहेर काढा, मग विचारा.” एवढं बोलून त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि डोंबिवली गाठली. गावाचं काही अडलं नाही. तेव्हापासून पाटीलच विचारी आणि पाटीलच उत्तर देई.

एवढ्या वर्षांनी तो मान पुन्हा दारात आला, आणि आला तोही अशा वेळी की मास्तरांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा सुमित एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत स्फोटात गेला. घराच्या खिडकीच्या काचा तडकल्या होत्या, त्या मास्तरांनी अजून बदलल्या नव्हत्या; मुद्दाम नव्हे, राहून गेलं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. चहा संपल्यावर ‘साखर बरोबर होती का’ विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. रडू आलं नाही. लोकांनी त्याला धीर म्हटलं. मास्तरांनी तेही मान्य केलं, कारण नाही म्हणायला काही तरी वाटावं लागतं.

त्या सकाळी, स्फोटाच्या थोडं आधी, सुमितने त्यांना फोन केला होता. “पप्पा, आत वास मारतोय. साहेबांना दोनदा नाही म्हटलंय मी. आता परत बोलावतायत. मी नाही जाणार.” मागून कोणीतरी त्याच्या नावाने ओरडलं आणि फोन कट झाला. मास्तर बाल्कनीत फोन हातात घेऊनच उभे होते तेव्हा धूर दिसला.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी कंपनीचा एक साहेब शाल घेऊन आला आणि म्हणाला, “सुमित स्वतःहून आत गेला. इतरांना वाचवायला. आम्ही नको नको म्हणत होतो. शूर होता तुमचा मुलगा.” मास्तर म्हणाले, “हो.” तेवढं एकच अक्षर. पण शेजारी बसलेल्या मायाताईंनी, त्यांच्या बायकोने, ते अक्षर घट्ट धरलं. बुडत्याला काडी मिळाली. चार दिवस पाण्याला न शिवलेली ती बाई त्या संध्याकाळी उठली, तोंड धुतलं आणि भिंतीवर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी, सुमितचा हेल्मेट घातलेला फोटो लावला. तेव्हापासून रोज मेणबत्ती लावताना म्हणायची, “शूर होता माझा बाळ.” मास्तर ते ऐकत आणि गप्प बसत. फोनचं सांगितलं असतं तर ती काडीही गेली असती.

सून मेघना मात्र ऐकणाऱ्यातली नव्हती. ती ठाण्याच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि माणसं तपासायचीही तिला सवय लागली होती. सुमितच्या शिफ्टमधल्या एकाने तिला सांगितलं होतं की आत जायच्या आधी सुमित फोनवर बोलत होता. “पप्पा, तुम्हालाच केलेला ना त्याने फोन? काय बोलला?” तिने कितीदा तरी विचारलं. मास्तर दर वेळी म्हणाले, “काही नाही. डबा विसरला म्हणाला.” आता सोमवारी ठाण्याला सरकारी चौकशीत घरच्यांचं म्हणणं ऐकून घेणार होते. कंपनीने तिथेही तेच लावून धरलं होतं: हुकूम नव्हता, मुलगा आपल्या मर्जीने गेला. त्याच्या आधीच्या शनिवारी उंबरकोटाला साडेचारशे वर्षं पूर्ण होत होती.

शिवराम भोईर घरी आला तो मिठाईचा पुडा घेऊनच. उंबरकोटाच्या उत्सव समितीचा अध्यक्ष, गळ्यात बोटाएवढी सोन्याची साखळी. कोटाच्या आतली निम्मी जमीन टॉवरवाल्यांना देऊन झाल्यावर त्याला इतिहासाचं प्रेम फुटलं होतं.

“जय भीम, मास्तर. आमच्या गावाला साडेचारशे वर्सां झाली. लेझर आनलाय, ठान्याचा डायरेक्टर आनलाय. सगला हाय, पन येसनाकाच्या घरचा मानूस नाय. तुमचा मान हाय तो. दुसऱ्याला कसा देऊ?”

मेघना चहाचा कप ठेवता ठेवता थांबली. “पप्पांच्या आजोबांनी सोडला तो मान. तुम्हाला माहितीय ना का सोडला ते?”

“पोरी, तो जमाना गेला. आता समदे एक. नि शेवटाला आमी सुमितचा नाव घेनार हाव. फोटो दावनार बुरुजावर. येसनाक तवा गावासाठी गेला, सुमित आता कामगारांसाठी. एकच रक्त.”

पूर्वी मायाताई या मानाचं नाव काढलं की फटकन म्हणायच्या, “माणूस गाडायचा आणि त्याला मान म्हणायचं, लाजा नाहीत मेल्यांना.” त्याच मायाताई आता भोईरकडे बघत होत्या. “बुरुजावर? मोठा दिसेल?”

“बुरुजाएवरा, ताई.”

मायाताईंनी मास्तरांकडे पाहिलं. “अहो, जा तुम्ही.”

“चालेल,” मास्तर म्हणाले.

भोईर गेल्यावर मेघना त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “पप्पा, चालेल? सोमवारी आपण सांगणार की तो मर्जीने गेला नाही, आणि शनिवारी अख्ख्या गावासमोर उलटं? कंपनीवाले उद्या तेच दाखवतील.” मास्तरांना तिचं म्हणणं कळलं. तिचा आवाज फुटला होता हेही कळलं. आत काही हललं नाही. ते म्हणाले, “माया म्हणतेय ना.”

डायरेक्टर गुरुदत्त नौपाड्यातला, तिशीचा, उत्साहाने फसफसणारा. शो सगळा आधीच रेकॉर्ड करायचा होता. गावात जनरेटरचा आवाज असतो म्हणे. त्याने मास्तरांना ठाण्याच्या स्टुडिओत, काचेच्या खोलीत माइकसमोर उभं केलं.

“काका, तीन वेळा ‘राजी’. प्रत्येक वेळी थोडं वर न्यायचं. तुम्ही गावासाठी जीव देताय, अभिमान पाहिजे. त्या दिवशी फक्त ओठ हलवायचे.”

मास्तर म्हणाले, “राजी.”

“सुपर. जरा छातीतून.”

“राजी.”

“काका, अजून थोडं... म्हणजे आनंद हवा ना त्यात. बलिदानाचा.”

मास्तरांनी आनंद शोधला. शाळेत एवढी वर्षं नाटकं बसवली होती, आवाज कसा काढायचा ते ठाऊक होतं, पण आज तो निघेना. पुन्हा पुन्हा तेच सपाट ‘राजी’. शेवटी गुरुदत्तने हात टेकले, मग एकदम त्याचेच डोळे चमकले. “असू दे. असंच ठेवू. एकदम शांत. मृत्यूची भीतीच नाही. भारी वाटेल.” त्याने ते पुन्हा लावून पाहिलं तेव्हा मास्तर चपला घालत होते. त्यांनी ते ऐकलं नाही, ऐकायचं सुचलंही नाही.

शनिवारी सूर्य मावळतीला लागला तेव्हा उंबरकोटात पाय ठेवायला जागा नव्हती. वेस आता एका जिमच्या आणि मोबाइलच्या दुकानाच्या मध्ये उभी होती. तिला झेंडूचे हार घातले होते. कासारआळीत वडापावच्या गाड्या, तटावर भोईरचे बॅनर. अर्ध्या बुरुजाला निळे दिवे सोडलेले. पायथ्याशी गुरुदत्तच्या माणसांनी थर्माकोलचे दगड मांडून कमरेइतका खड्डा केला होता. मास्तरांच्या खांद्यावर घोंगडी दिली, हातात काठी दिली, डोक्यावर नारळ ठेवला आणि त्यात उतरवलं. पायाखालची माती ओली होती. एवढं त्यांना जाणवलं.

पहिल्या रांगेत, अगदी समोर, मायाताई नवी पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. मेघना यायला तयार नव्हती, पण सासूचा बीपी वर-खाली होत होता म्हणून आली. ती मास्तरांकडे बघत नव्हती.

दिवे गेले. ढोल वाजले. स्पीकरमधून एक भारदस्त आवाज पदाजी नाईकाचा महिमा सांगू लागला. होड्या अडवण्याचं त्यात काही नव्हतं. खाडीचा राजा, रयतेचा छत्रधारी वगैरे बरंच होतं. लेझरच्या रेघांनी तट बांधला, बुरूज बांधला, बुरूज पाडला. लोक शिट्ट्या मारत होते. मग पांढरा झोत मास्तरांवर पडला आणि तो आवाज आकाशातून आल्यासारखा गरजला, “राजी का?”

मास्तरांना ओठ हलवायला जरा उशीर झाला. त्याच्या आधीच आवाज आला.

“राजी.”

तो त्यांचाच होता. पण आत राहून ऐकलेला नव्हता; चार बाजूंच्या स्पीकरमधून, तटावर आपटून परत येणारा. मास्तरांनी तो पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. त्यात शांती नव्हती. धैर्य तर मुळीच नव्हतं. त्या आवाजात कोणी नव्हतंच. समोर मात्र लोकांनी श्वास रोखला होता, पुढची एक म्हातारी हात जोडून बसली होती, कोणीतरी मागून ओरडलं, “वा रे मर्दा!”

“राजी का?”

“राजी.”

येसनाक राजी म्हणालाही असेल, मास्तरांच्या मनात आलं. कमरेइतक्या खड्ड्यात, वर दगड घेतलेली माणसं उभी, आणि त्याचं अंग आधीच मेलेलं. त्याने जो आवाज काढला असेल तो हाच. वरच्यांना तो राजीखुशीचा वाटला, कारण त्यांना तसा वाटायला हवा होता. आणि शालवाल्या साहेबासमोर आपण ‘हो’ म्हणालो तेही यातलंच. ते त्यांना आता लख्ख कळलं.

“राजी का?”

मास्तरांनी तोंड मिटून घेतलं. दातावर दात दाबले, मान हलवली, नाही, नाही. डोक्यावरचा नारळ खाली घरंगळला.

“राजी,” स्पीकर म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोल पेटले, फटाके सुटले आणि बुरुजावर सुमितचा चेहरा उमटला. हेल्मेटखालचे डोळे खिडकीएवढे. “त्याच रक्ताचा हा वीर,” आवाज सांगत होता, “आगीच्या तोंडात स्वतःहून...” पुढचं टाळ्यांत बुडालं. मास्तर थर्माकोलचे दगड ढकलत खड्ड्यातून वर आले. कडेला उभा गुरुदत्त हाताने खाली बसा, खाली बसा करत होता. त्यांनी घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि कनातीच्या मागे, काळोखात, एका खऱ्या दगडावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने मायाताई आल्या. मागोमाग मेघना. मास्तरांना वाटलं, आता ही म्हणणार, अख्खा शो बिघडवलात, बाळाच्या फोटोच्या वेळी उठून गेलात. मायाताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“ते कधी बोललात तुम्ही? ते राजी?”

“त्या दिवशी. ठाण्याला गेलेलो तेव्हा.”

“तुमच्याबरोबर जन्म गेला माझा. तुमचा आवाज मला कळत नाही?” त्यांचा स्वर अगदी हळू होता. “शाल घेऊन आला होता तो मेला, त्याला हो म्हणालात, तेव्हा असंच बोललात. अगदी असंच. मी तेव्हा ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.”

मायाताई आणखी जवळ आल्या.

“सुमित काय बोलला फोनवर?”

मेघनाने तोंडावर हात धरला. कनातीच्या पलीकडे भोईर माइकवरून आमदारांचे आभार मानत होता.

“आत वास मारतोय म्हणाला,” मास्तर म्हणाले. “दोनदा नाही म्हटलंय म्हणाला. तरी परत बोलावतायत, मी नाही जाणार म्हणाला. मग कोणीतरी त्याला हाक मारली.” बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं. “तुझ्याकडे तेवढंच उरलं होतं, माया. शूर होता, तेवढंच. मी तेही कसं काढून घेऊ?”

मायाताई खाली बसल्या, मातीतच. नवी साडी भिजली. मग त्यांनी जे विचारलं त्याची मास्तरांनी तयारी केलीच नव्हती.

“घाबरला होता का हो?”

मास्तरांनी डोळे मिटले. “हो. खूप. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी बोलायचा ना, तसा बोलत होता.”

“आणि मी त्याला रोज शूर शूर म्हणत बसले,” मायाताई म्हणाल्या. “आठ महिने. माझं घाबरलेलं लेकरू, त्याला जवळ कोणी घेतलंच नाही.”

तेव्हा मास्तर रडले. आधी खोकल्यासारखा एक आवाज आला, मग छातीतून हुंदके फुटले ते आवरेनात. लाज वाटली नाही. दुखत होतं, सगळीकडे दुखत होतं, घशात, बरगड्यांत, अनवाणी तळव्यांत. मेघना त्या दोघांच्या मध्ये बसली आणि तिने दोघांचेही हात धरले.

“सोमवारी किती वाजता जायचंय?” मायाताईंनी डोळे न पुसताच तिला विचारलं.

“अकराला बोलावलंय, आई. पण तुम्हाला झेपणार नाही.”

“न झेपायला काय झालं? हे सांगतील आणि मी शेजारी बसेन. आवाज परत तसा व्हायला लागला तर चिमटा काढीन.”